घेतलं का?

मित्रांनो, मी एक जुनं विमान आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी भयंकर घाबरट आहे. हसू नका. विमान म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काहीतरी शूर, चकचकीत, ढगांना भिडणारं उभं राहतं. मी त्यातला नाही. मी एका पंख्याचं, चार माणसांचं, पांढऱ्या अंगावर निळा पट्टा असलेलं लहानसं विमान. पुढे दोन आसनं, मागे दोन, आणि शेजारी बसलेल्यांची कोपरं एकमेकांना लागतात इतकीच जागा. माझं दार नीट लागायला खांद्यानं ढकलावं लागतं. व्याकरणात मी ‘ते विमान’, पण ‘मी घाबरलं’ असं म्हणायला जीभ वळत नाही, म्हणून मी ‘घाबरलो’ म्हणतो. तेवढं चालवून घ्या.

माझी भीती जन्मापासूनची. एका लांबलचक शेडमध्ये माझे पत्रे जोडले जात होते. एक कामगार माझ्या पोटात शिरून बसलेला, दुसरा बाहेर ठोकायचं यंत्र घेऊन उभा. बाहेरचा ओरडायचा, “धरलंस का?” आतला ओरडायचा, “धरलं!” मगच ठोका पडायचा. एकदा आतून उत्तर आलं नाही, तर बाहेरच्यानं यंत्र खाली ठेवलं आणि वाकून आत बघितलं. आतला बिचारा शिंकत होता. मला ते फार आवडलं. आपल्या अंगावर ठोका घालायच्या आधी कुणीतरी विचारतंय आणि उत्तरासाठी थांबतंय, एवढ्यानंही मला धीर यायचा.

तो धीर पहिल्या उड्डाणालाच गळाला. कारखान्यातला वैमानिक शीळ घालत आत बसला, मला मैदानाच्या टोकाला घेऊन गेला आणि इंजिन असं पिटाळलं की माझा कण न् कण खुळखुळला. चाकांखालचा खडखडाट एकाएकी थांबला. जमीन गेली! मी खाली बघितलं. ओरडावंसं वाटलं, पण मला आवाज कुठला? माझ्या डाव्या पंखात एक छोटा भोंगा आहे, तो फक्त वेग फार कमी झाला की वाजतो. बाकी कसलीही भीती वाटली तरी मला मुकाट्यानं सोसावं लागतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तिथून माझी रवानगी उड्डाणशाळेत झाली. शिकाऊ मुलामुलींनी मला काय आपटलंय म्हणता! कुणी एकाच चाकावर उतरवायचं, कुणी टुणटुण उड्या मारत. पण तिथे बाई होत्या. बाई म्हणजे उड्डाण शिकवणाऱ्या. केस घट्ट बांधलेले, कानामागे पेन्सिल, आणि आवाज असा की माझ्या इंजिनानं लाजावं. माझ्यात दोन स्टिअरिंग आहेत, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही आतून जोडलेली, एक हललं की दुसरंही हलतं. पायाखालची पेडलंही तशीच दोन्हीकडे. त्यामुळे या घडीला विमान कुणाच्या हातात आहे, हे पक्कं ठरलेलं असावं लागतं. बाईंची त्याला एक पद्धत होती. त्या म्हणायच्या, “घे.” शिकाऊ म्हणायचा, “घेतलं.” मग बाई मान वळवून त्याचे हात बघायच्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसले की म्हणायच्या, “दिलं,” आणि तेव्हाच आपले हात काढायच्या. कुणी नुसतंच “घेतलं” म्हणालं आणि हात नाक खाजवत असले, तर पेन्सिल बोटांवर बसलीच म्हणून समजा. “तोंडाचं मला सांगू नकोस, हात दाखव!” बाई असेपर्यंत मी त्यातल्या त्यात कमी घाबरायचो.

त्याच शाळेत डॉक्टर शिकायला आले. डॉक्टर दातांचे. शाळेत नवीन विमानं आली आणि मी कोपऱ्यात पडलो, तेव्हा त्यांनीच मला आपल्याकडे नेलं. माणूस लाख मोलाचा. दर सुट्टीच्या दिवशी येणार, माझं तेल बघणार, टायर दाबून बघणार, काचेवर मेलेले किडे नखानं खरवडणार आणि नाकावर थाप मारून विचारणार, “काय म्हणतोय गडी?” गडी तेव्हा पंख्यापासून शेपटीपर्यंत लटपटत असायचा. डॉक्टरांची एकच खोड मला खुपायची. कुणी काही शंका काढली की ते म्हणायचे, “काही होत नाही!” दात उपटायच्या आधी ते पेशंटलाही हेच सांगतात म्हणे. डॉक्टरांच्या दोन्ही खुर्च्यांत, दवाखान्यातल्या आणि माझ्यातल्या, माणसं आ वासूनच बसतात, असं आमचा मेकॅनिक म्हणायचा. मला तर ते शब्द कानी पडले की धडकीच भरायची.

डॉक्टरांना एकट्यानं उडायला करमायचं नाही. भेटेल त्याला म्हणायचे, “चल, एक चक्कर मारून आणतो.” शाळेतले दोस्त, मेहुणा, चुलत बहीण, दवाखान्यातली मदतनीस, शेजारचे मुख्याध्यापक, सगळ्यांना आम्ही फिरवलं. एकट्या त्यांच्या बायकोनं दाद दिली नाही. “मी खालीच बरी, तुम्ही या जाऊन,” असं म्हणून त्या गाडीत बसून राहायच्या.

मित्रांनो, माणसं घाबरली तरी सांगत नाहीत. आसनाला मात्र कळतं. बूड अर्धवट उचललेलं, बोटं आसनाच्या कडेत रुतलेली, आणि तोंडानं चाललेलं असतं, “वा वा, काय दृश्य आहे!” डॉक्टरांचा एक दोस्त होता, त्याला सगळे वाघ म्हणायचे. हा वाघ चढताना मेकॅनिकला म्हणाला, “मला काय, मी हेलिकॉप्टरमधून उडी मारलेला माणूस.” चाकं उचलली तसे त्यानं डोळे जे मिटले ते उतरेपर्यंत उघडले नाहीत. खाली उतरल्यावर मात्र नदी कशी दिसते, घरं कशी काडेपेटीएवढी दिसतात, हे अर्धा तास सगळ्यांना सांगत होता. मी त्याला हसलो नाही. मला त्याची दया आली. सांगून टाकलं असतं तर मन हलकं झालं असतं.

वर गेल्यावर डॉक्टर प्रत्येकाला थोडा वेळ स्टिअरिंग धरायला द्यायचे. हा त्यांचा पाहुणचार. सुरुवातीला बाईंची पद्धत ते नीट पाळायचे. मग हळूहळू ‘दिलं’ गळालं. मग मान वळवून हात बघणं गळालं. “घे,” “घेतलं,” की डॉक्टरांचे हात सुटलेच. दरवेळी मी जीव मुठीत धरून बसायचो. पण दरवेळी समोरच्याचे हात खरोखरच स्टिअरिंगवर असायचे, आणि काही झालं नाही की डॉक्टर म्हणायचे, “बघितलंस? काही होत नाही.”

डॉक्टरांच्या मनात एकच गोष्ट घर करून होती. त्यांचे बाबा जन्मभर बस चालवत होते. डॉक्टर लहान असताना रिकाम्या डेपोत बाबा त्यांना मांडीवर घ्यायचे, ते भलंमोठं स्टिअरिंग त्यांच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, “चला ड्रायव्हरसाहेब.” पुढे बाबांचे हात थरथरायला लागले. बाबांनी स्वतःहून बस सोडली, स्कूटरही कुणाला तरी देऊन टाकली, आणि त्यानंतर कुठल्याही स्टिअरिंगला बोट लावलं नाही. घरात त्यावर कुणी बोलायचं नाही. “एकदा बाबांना वर न्यायचं आणि स्टिअरिंग त्यांच्या हातात द्यायचं,” डॉक्टर मला पुसता पुसता मेकॅनिकला सांगायचे. “त्यांनी मला दिलं होतं ना? आता मी त्यांना देणार.” हे ऐकून तुमचं मन भरून येईल. मला मात्र थरथरणारे हात एवढंच ऐकू यायचं आणि माझे टायर तिथेच बसायचे.

शेवटी तो दिवस आला. बाबा आले, इस्त्रीचा शर्ट, वरपर्यंत बटणं लावलेली, दोन्ही हात खिशात. मागून आई आल्या, हातात पाण्याची बाटली आणि औषधाची डबी. आईंना बघितलं आणि मला माझं माणूस भेटलं. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली आणि सरळ म्हणाल्या, “मला बाई भीती वाटते. हे एवढंसंच आहे? पाय कुठे ठेवायचा? मोडणार तर नाही? आणि वर गेल्यावर बंद पडलं तर?”

“आई, काही होत नाही.”

“तू दात काढतानाही हेच म्हणालास आणि माझा गाल मोठ्या पावाएवढा झाला होता.”

“बसमध्येही ही अशीच,” बाबा म्हणाले. “वळण आलं की माझ्या हॉर्नच्या आधी हिचा हॉर्न.”

आई मागे बसल्या, शेजारी त्यांची पिशवी. बाबा पुढे, डॉक्टरांच्या उजव्या हाताला, हात मांड्यांखाली दाबलेले. एकमेकांचं बोलणं ऐकू यावं म्हणून डॉक्टरांनी सगळ्यांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि बाबांना सांगितलं, “पाय मागे ठेवा. ती पेडलं माझीच आहेत, दाबली की विमान वळतं.” बाबांनी मान हलवली. निघायच्या आधी आईंनी पुढे वाकून, बाबांचा हेडफोन जरा सरकवून त्यांच्या कानात सांगितलेलं मी ऐकलं. “आणि त्याला सारखं शिकवायला जाऊ नका. त्याचं तो बघेल.” बाबांनी पुन्हा मान हलवली.

आम्ही उडालो. त्या दिवशी हवेत पांढुरकं धुरकं भरलेलं होतं. खालचं दिसायचं, पण जमीन कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं, ते काही केल्या दिसेना. अशा हवेत मला फार असुरक्षित वाटतं, कारण आपण सरळ आहोत की कलतोय हे माणसांना बाहेर बघून कळत नाही. डॉक्टर मजेत होते. पुरेशा उंचीवर आल्यावर त्यांनी मला एका लयीत आणलं, नजर डाव्या पंखाकडे ठेवली आणि आवाजात मोठा जिव्हाळा आणून म्हणाले, “बाबा, घ्या.”

आता नीट ऐका. नेमकी तीच बाबांच्या औषधाची वेळ. आईंनी त्याच क्षणी मागून डबी बाबांच्या पुढ्यात धरली होती. बाबांना वाटलं, पोरगा औषधाबद्दल बोलतोय. त्यांनी गोळी तोंडात टाकली आणि हात पुन्हा मांड्यांखाली दाबून धरले.

“घेतलं का?” मागून आईंनी विचारलं. त्या घरात हे रोज विचारलं जायचं. औषध हा शब्द कधीच गळून पडला होता.

“घेतलं,” बाबा म्हणाले.

आणि डॉक्टरांनी स्टिअरिंग सोडलं.

मित्रांनो, माझ्या अंगातून वीज गेली. दोन्ही स्टिअरिंगवर कुणाचेच हात नव्हते. मी वाट बघितली, आता बाबा धरतील, आता धरतील. बाबा समोर बघत बसले होते. मला किंचाळायचं होतं, अहो बघा, हात बघा! पण माझा भोंगा वेग कमी झाल्याशिवाय वाजत नाही, आणि माझा वेग तर चांगला होता.

“वा बाबा! किती सहज घेतलंत!” डॉक्टर म्हणाले. त्यांची नजर अजून डाव्या पंखाकडेच होती.

“त्यात काय एवढं,” बाबा म्हणाले. “रोजची सवय आहे.”

डॉक्टर खूश. इतक्या वर्षांची बस, हातातलं कसब जाणार कुठे! या क्षणाचा फोटो हवाच म्हणून त्यांनी आसनाच्या मागचा कॅमेरा काढला आणि डाव्या खांद्यावरून आईंकडे वळले. “आई, तू आधी हस जरा.” आई काही हसल्या नाहीत. त्यांनी पिशवी पोटाशी धरली होती.

हवेचा एक छोटासा धक्का बसला आणि माझं नाक जरासं खाली गेलं. बाबांमधल्या ड्रायव्हरची जुनी सवय जागी झाली. त्यांनी उजवा पाय पुढे टाकून कचकन ब्रेक दाबला. पण तो बसचा ब्रेक नव्हता, माझं उजवं पेडल होतं. माझं नाक उजवीकडे ओढलं गेलं आणि उजवा पंख खाली जायला लागला. मी जितका कललो तितकं नाक आणखी खाली. जितकं नाक खाली तितके बाबा जोरात ब्रेक दाबणार. माझी पाचावर धारण बसली. हे असंच चालू राहिलं तर मी गोल गोल फिरत जमिनीत जाणार आणि ही तिन्ही माणसं माझ्या पोटात होती.

आता गंमत बघा, गंमत कसली, बाबांना कळत होतं की आपण भलतेच कलतोय. पण बायकोला शब्द दिला होता, पोराला शिकवायचं नाही. त्यांना वाटलं, वळवत असेल. ओठ मिटून ते ब्रेक दाबत राहिले. डॉक्टरांनाही डोळ्याच्या कोपऱ्यातून डावा पंख वर गेलेला दिसला. त्यांना वाटलं, बाबा वळवताहेत. आता जर आपण ‘बाबा, सरळ करा’ म्हणालो, तर ते लगेच हात काढून घेतील आणि जन्मात पुन्हा धरणार नाहीत. म्हणून तेही गप्प. दोघं एकमेकांचं मन राखत होते आणि मी खाली चाललो होतो. वारा माझ्या पत्र्यांवरून शिट्ट्या मारायला लागला. इंजिनाचा आवाज चढत चढत रडण्यासारखा झाला. हाच माझा आवाज, हेच माझं ओरडणं, पण ते कुणाला कळेना.

कळलं फक्त आईंना. त्यांची भीती डोळे मिटणाऱ्यातली नव्हती, डोळे टक्क उघडे ठेवणाऱ्यातली होती. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. मग लेकाकडे बघितलं.

“अहो,” त्या म्हणाल्या, “तुमचे हात मांडीखाली. याचे हात कॅमेऱ्यावर. मग हे विमान चालवतंय कोण?”

मग डॉक्टरांनी कॅमेरा टाकला आणि स्टिअरिंगवर झडप घातली. “बाबा, पाय! पाय काढा!” बाबांनी पाय असा मागे घेतला की आसनाखालची पेटी वाजली. डॉक्टर मला वर ओढायला लागले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. एवढ्या वेगात, एवढं कललेलं असताना मला नुसतं वर ओढलं तर माझे पंख टिकतील की नाही, याची मला खात्री नव्हती. पंखांच्या मुळाशी कळा आल्या. नको हो डॉक्टर, नको! बाई काय सांगायच्या ते आठवा!

त्यांना आठवलं. त्यांच्या तोंडून अगदी बाईंच्या सुरात बाहेर पडलं, “आधी इंजिन कमी. मग पंख सरळ. मग नाक.” इंजिन कमी झालं. पंख हळूहळू सरळ झाले. मग त्यांनी मला वर घेतलं, ओढून नाही, उचलून. खालची झाडं इतकी जवळ आली होती की मला पानं सुटी सुटी दिसत होती. ती पुन्हा हिरवी चादर होईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

मला वाटलं, सुटलो. पण आता डॉक्टरांचे हात थरथरायला लागले. दात काढणाऱ्या त्या स्थिर हातांना असा कंप सुटला की स्टिअरिंग खडखड वाजायला लागलं. “बाबा,” ते म्हणाले, “माझे हात बघा. मला उतरवता येणार नाही.”

मी तर आशाच सोडली. खाली मैदान कुठेतरी धुरक्यात होतं, आणि माझ्यात बसलेल्यांपैकी ज्याला विमान चालवता येत होतं, त्याचे हात गळाले होते.

बाबांनी मांडीखालचे हात बाहेर काढले आणि लेकापुढे धरले. इतक्या वर्षांत त्यांनी ते कुणाला दाखवले नव्हते. तेही थरथरत होते. “हे बघ,” ते म्हणाले. “थरथरतात ना? थरथरू देत. याच हातांनी मी रोज चहा पितो, याच हातांनी दाढी करतो.”

“परवाच हनुवटी कापून घेतलीत,” मागून आई म्हणाल्या.

“पण दाढी झाली ना? डॉक्टर, थरथरत्या हातांनीही काम होतं. तू धर फक्त. सोडू नकोस.”

डॉक्टरांनी धरलं. वाटेत ते एकदाही ‘काही होत नाही’ म्हणाले नाहीत. मैदान दिसलं, मी खाली आलो, आपटलो, उडालो, पुन्हा आपटलो, शिकाऊ पोरांच्या दिवसांत आपटायचो तसाच, आणि थांबलो. कुणीच उतरेना. मग आईंनी पिशवीतून रुमाल काढला, आधी लेकाचा घाम पुसला आणि मग नवऱ्याचा.

त्यानंतर डॉक्टर आलेच नाहीत. मेकॅनिकनं माझ्यावर ताडपत्री टाकली. तुम्ही म्हणाल, घाबरटाला आणखी काय हवं, पडून राहायला मिळालं. मलाही तसंच वाटलं होतं. पण ताडपत्रीखाली वेगळीच भीती असते. टायरमधली हवा जाताना कळते. पंखाच्या सांध्यात चिमण्या काड्या आणून टाकतात आणि कुणी हटकत नाही. एके दिवशी मेकॅनिक कुणाला तरी सांगत होता, “असाच पडून राहिला तर सुटे भाग काढून विकावे लागतील.” माझं धाबं दणाणलं. वर असताना जमिनीची भीती वाटायची. आता आपल्याला कुणी उघडून बघणारच नाही, याची वाटायला लागली.

मग एका सकाळी ताडपत्री सरकली. बाहेर बाबा उभे होते, खिशात हात न घालता. मागे डॉक्टर, त्यांच्या मागे आई.

“त्या दिवशी तू ‘घ्या’ म्हणालास,” बाबा म्हणाले. “ते मला कळलं असतं ना, तर मी नाहीच म्हणालो असतो. घरी गेल्यावर कळलं, तेव्हापासून मनातून जात नाही. म्हणून आज मीच मागायला आलोय. देतोस का?”

डॉक्टरांनी माझ्या नाकावर हात ठेवला. “बाबा, मला भीती वाटते,” ते म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले.

“मलाही वाटते. हिला तर विचारूच नकोस.”

“मग काय,” आई म्हणाल्या, “सगळे तयार आहेत म्हणायचे.”

मेकॅनिकनं मला कसून तपासलं, चिमण्यांच्या काड्या काढल्या, तेल बदललं, टायर बदलले. डॉक्टरांनी बाईंना फोन केला आणि त्यांच्या शेजारी बसून पुन्हा काही दिवस शिकले. पेन्सिल अजून तशीच बसत होती. मग एका स्वच्छ दिवशी आम्ही चौघं वर गेलो. हो, चौघं, मी स्वतःलाही धरतो.

“बाबा, आता स्टिअरिंग घ्या.”

“स्टिअरिंग घेतलं.”

डॉक्टरांनी मान वळवून हात बघितले. मागून आईंनीही मान लांब करून बघितले. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, थरथरत होते, पण होते. “दिलं,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी आपले हात काढले.

बाबांच्या हातांचा तो कंप स्टिअरिंगमधून माझ्या पंखांच्या टोकांपर्यंत पोहोचला. मला वाटलं होतं, आपली गाळण उडणार, आणि उडालीच. पण त्या थरथरीत एक ओळखीचं वजन होतं. आयुष्यभर भरलेली बस सांभाळलेल्या माणसाचे हात होते ते. त्यांनी मला जरासं डावीकडे घेतलं, जरासं उजवीकडे, आणि पुन्हा सरळ आणलं. पाय मागेच होते. डॉक्टर खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होते.

“घेतलं का?” मागून आवाज आला.

“काय ते सांग!” दोघं एकदम ओरडले.

“औषध हो, औषध!”

बाबा हसायला लागले आणि स्टिअरिंग गदागदा हललं. मी पुन्हा घाबरलो. पण त्यानंतर त्या घरात कुणी अर्धा प्रश्न विचारला नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्रांची काळजी घ्या, तेलपाणी बघा, ताडपत्रीखाली विसरून जाऊ नका, हे तर सांगायचंच आहे. पण दुसरंही एक मागतो. कुणाच्या हाती काही सोपवाल तेव्हा पूर्ण विचारा, आणि ‘हो’ आलं तरी त्याचे हात बघा. आणि कुणी ‘मला भीती वाटते’ म्हणालं तर त्याला गप्प बसवू नका. त्या दिवशी आई गप्प बसल्या असत्या, तर ही गोष्ट सांगायला मी उरलो नसतो.

आता बाबा नाहीत. ते गेल्यानंतर बऱ्याच दिवसांनी डॉक्टर आईंना घेऊन आले. आई मागेच बसल्या, आपल्या नेहमीच्या जागी. डॉक्टरांनी पुढच्या रिकाम्या आसनाचा पट्टा आवळून लावला. रिकामा पट्टा लोंबकळू नये म्हणून तसं करतातच, पण त्यांना त्या दिवशी ते पटकन जमेना. आम्ही वर गेलो. स्वच्छ ऊन होतं. नेहमीच्या उंचीवर आल्यावर डॉक्टर उजवीकडे न बघता हळूच म्हणाले, “बाबा, स्टिअरिंग घ्या.”

माझ्या छातीत धस्स झालं. त्या धुरकट दिवशीही मी इतका घाबरलो नसेन. आता हे सोडतात की काय! कुणी ‘घेतलं’ म्हणालं नाही.

थोड्या वेळानं आई मागून पुढे वाकल्या आणि त्यांनी डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला.

“घेतलं असेल रे त्यांनी,” त्या म्हणाल्या. “पण हात दिसत नाहीत ना? मग तू सोडू नकोस.”

“नाही सोडत,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, आणि आम्ही तसेच घराकडे वळलो.